काडतूस-पुनर्भरण व भार-तक्त्यांची पडताळणी

एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पूर्ववत आकाराला आणून तीत नवी टोपी, मोजलेली दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेला पुनर्भरण म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, फिनलंड इ. देशांत शिकारी व नेमबाज ही क्रिया घरी करतात. काटकसर करणे आणि आपल्या रायफलीला मानवेल असे अचूक काडतूस मिळविणे, हे त्यांचे हेतू असतात. भारतात दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. त्यामुळे येथे काडतुसांचे उत्पादन मुख्यतः खडकी (स्थापना १८६९) येथील कारखान्यासारख्या ठिकाणी होते.

काळ्या दारूच्या काळात पुंगळीत मावेल तेवढी दारू भरण्याचा प्रघात होता आणि लहानसहान चूक खपून जात असे. पॉल व्ह्येय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८८४ मध्ये रायफलीस योग्य अशी निर्धूम दारू तयार केली, तेव्हापासून ही सवलत संपली. निर्धूम दारू जितक्या अधिक दाबाखाली जळते तितकी ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळल्याने दाब आणखी वाढतो. त्यामुळे भार थोडा वाढविला, तरी दाब त्या प्रमाणात न वाढता त्याहून बराच अधिक वाढतो [⟶ स्फोटक द्रव्ये]. ०·३०-०६ स्प्रिंगफील्ड या १९०६ च्या काडतुसाचा कमाल सरासरी दाब अमेरिकन मानकानुसार दर चौ. इंचास ६०,००० पौंड, म्हणजे दर चौ. सेंमी.स सु. ४,२२० किग्रॅ. इतका ठरविलेला आहे. हा दाब ज्या कोठीत निर्माण होतो, ती नेमबाजाच्या चेहऱ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असते.

कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती घालावी, हे सांगणारे भार-तक्ते दारूचे व गोळ्यांचे उत्पादक प्रसिद्ध करतात. तक्त्यातील आकडा हा एका विशिष्ट प्रयोगाचा निष्कर्ष असतो; तो स्वतंत्र नियम नव्हे. दाबमापक बसविलेल्या चाचणी-नळीत ठराविक पुंगळी, टोपी, गोळी व दारू वापरून तो मिळविलेला असतो. यांपैकी एक घटक बदलला की आकड्याचा आधार तेवढ्यापुरता सुटतो. दाब मोजण्याची पद्धतही पाहावी लागते. जुन्या पद्धतीत तांब्याची लहान दट्टी किती चेपली यावरून दाब ठरवीत. आता दाबविद्युत् मापक वापरतात. ०·३०-०६ ची हीच मर्यादा तांब्याच्या पद्धतीने ५०,००० एकके आणि दाबविद्युत् पद्धतीने ६०,००० पौंड अशी दिली जाते. जुन्या व नव्या पुस्तकांतील आकडे शेजारी ठेवून ‘अजून दहा हजारांची सवड आहे’ असा अर्थ काढणे घातक होय.

सर्वांत फसव्या चुका नावांच्या साधर्म्यामुळे होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी २० मिमी. तोफेसाठी बनविलेली शिल्लक दारू विकत घेऊन ती ४८३१ या क्रमांकाने किरकोळ विक्रीस आणली. पुढे १९७० च्या दशकात द्यू पाँ कंपनीने आयएमआर ४८३१ ही दारू काढली. क्रमांक एकच असला, तरी ती एच ४८३१ पेक्षा जलद जळते. एका दारूचा कमाल भार दुसरीसाठी वापरल्यास दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. ४३५० व ४८९५ या क्रमांकांनाही अशाच दोन-दोन दारू आहेत. म्हणून पडताळणीत डब्यावरील अक्षरे, क्रमांक व उत्पादकाचे नाव तक्त्याशी जसेच्या तसे जुळवावे लागते. मूळ डब्यातून काढून ठेवलेली, चिठ्ठी नसलेली दारू ओळखण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. दाण्यांचा रंग व आकार यांवर विसंबता येत नाही. ज्वलनवेगानुसार दारूंचा क्रम लावलेल्या याद्या मिळतात, पण त्या केवळ क्रम सांगतात. त्यांवरून भार काढता येत नाही.

गोळीचे वजन जुळणे पुरेसे नाही. शिशाचा गाभा असलेली व सबंध तांब्याची अशा समान वजनाच्या गोळ्यांची लांबी भिन्न असते. लांब गोळी पुंगळीत अधिक जागा अडविते व नळीच्या आट्यांवर वेगळा रोध निर्माण करते. लष्करी पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असल्याने त्यांत जागा कमी राहते. मान वाढून पुंगळी कमाल लांबीपेक्षा (०·३०-०६ साठी ६३·३५ मिमी.) मोठी झाली, तर तिचे तोंड कोठीत आवळले जाऊन गोळी सुटण्यास अडथळा होतो. रायफलीची मजबुतीही महत्त्वाची ठरते. ०·४५-७० या जुन्या काडतुसासाठी अनेक पुस्तकांत तीन वेगवेगळे तक्ते असतात : १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी, मजबूत तरफ-रायफलींसाठी आणि आधुनिक एकबारी रायफलींसाठी. काडतूस तिन्हींत बसते. तिसऱ्या तक्त्यातील भार पहिलीत मात्र तिच्या चिंधड्या करू शकतो.

भार निश्चित करताना निदान दोन स्वतंत्र तक्ते, तेही उत्पादकांनीच प्रसिद्ध केलेले, पाहावेत. त्यांत तफावत आढळल्यास लहान आकड्यापासून सुरुवात करणे हाच शहाणपणा. दुसऱ्या नेमबाजाच्या वहीतील किंवा संगणक-जालावर कोणीतरी दिलेला भार पुरावा ठरत नाही. संगणकीय आज्ञावलीने वर्तविलेला दाबही अंदाजच असतो. तक्त्यातील प्रारंभिक भार, तो दिलेला नसल्यास सामान्यतः कमाल भाराच्या १०% कमी, घेऊन थोड्या थोड्या टप्प्यांनी वर जातात. मात्र मंद दारूचा भार तक्त्याखाली फार उतरविणेही धोक्याचे असते. अशा अपुऱ्या भारांनी रायफली फुटल्याची उदाहरणे आहेत.

भाराचे एकक ग्रेन (६४·८ मिग्रॅ.) असते, तर यूरोपीय तक्त्यांत ग्रॅमही देतात. या दोहोंतील गफलत पंधरा पटींची असल्याने ती सहसा लगेच ध्यानात येते. तुला-दांडीच्या तराजूचे मोठे वजन एका खाचेने सरकले, तर होणारी ५ वा १० ग्रेनची चूक मात्र दिसत नाही. यासाठी प्रमाणित वजने ठेवून तराजू दर वेळी तपासतात व भरलेल्या पुंगळ्यांची रांग उजेडात धरून दारूची पातळी पाहतात.

चपटी झालेली टोपी, पुंगळीच्या बुडावर उमटलेली खूण, जड उघडणारा बोल्ट ही अतिदाबाची लक्षणे सांगितली जातात. ती दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. ती न दिसणे म्हणजे निर्धोकपणा नव्हे. घरी दाबमापक नसतो, म्हणून गोळीचा वेग मोजणारे यंत्र हेच उपयुक्त साधन होय. तक्त्याहून कमी भाराने तक्त्याइतका किंवा त्याहून अधिक वेग मिळाला, तर दाबही तितकाच वर गेलेला असण्याचा संभव मोठा आणि तेथेच थांबावे लागते. कडक उन्हात तापलेली काडतुसे हिवाळ्यात तपासलेल्या भारालाही मर्यादेपलीकडे नेऊ शकतात.

प्रत्येक पेटीवर दारू, तिचा गट-क्रमांक, भार, गोळी, टोपी व तारीख लिहून ठेवतात. ज्या काडतुसाविषयी शंका येते ते झाडून पाहत नाहीत. गोळी उपसण्याच्या हातोड्याने ते उघडून दारू बाहेर काढतात व ती डब्यात परत मिसळत नाहीत.