स्वतःच फिरणारी चाकं

ब्रिटिश पबांतल्या जुन्या फ्रूट मशीनवर, म्हणजे चाकं फिरवून जुगार खेळायच्या यंत्रावर, डाव सुरू करायला बटण दाबावं लागे. त्याआधीच्या यंत्रांना तर बाजूचा दांडा ओढावा लागायचा. मायक्रोप्रोसेसर आल्यावर स्वयंचलित खेळाची सोय सोपी झाली. नाणी टाकली की त्यांची क्रेडिट जमा होत, आणि एक डाव संपताच यंत्र पुढचं क्रेडिट वजा करून चाकं पुन्हा फिरवी. ‘होल्ड’ म्हणजे चाक रोखण्याची किंवा ‘नज’ म्हणजे ते एक घर सरकवण्याची संधी मिळाली, तर निर्णय माणसाचा. अर्थात हा अधिकार दिसतो तेवढा मोठा नव्हता. यातली बरीच यंत्रं आधीच्या जमा-खर्चाचा हिशेब ठेवून पुढच्या संधी कमी-जास्त करत. याच धर्तीच्या ऑनलाइन स्लॉट खेळांमधल्या अशा स्वयंचलित खेळावर ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ पासून बंदी आहे.