पदवीचा कागद

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून मी मराठीत एम.ए. झाले. पदवीदानाच्या दिवशी आई कोटीहून बसने आली होती, पिशवीत मोगऱ्याचा गजरा आणि केळीच्या पानात बांधलेल्या दोन पुरणपोळ्या घेऊन. भाड्याचा गाऊन खांद्यावरून सारखा घसरत होता. आईने साडीची पिन काढून तो नीट लावून दिला. ती पिन अजून माझ्याकडे आहे.

फोटोसाठी आम्ही आर्ट्‌स कॉलेजच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. ही गुलाबी ग्रॅनाइटची इमारत १९३९ ची. विद्यापीठ त्याआधीचे, १९१८ चे. तेव्हा शिकवणे उर्दूतून चाले. आमचा मराठवाडाही तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ झाले ते १९५८ साली. तोवर आमच्याकडच्या मुलांची पदवी म्हणजे उस्मानियाचीच.

पण सगळ्यांनाच ती मिळाली नाही. १९३८ मध्ये वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी माघार घेतली नाही आणि शेकडो जणांची नावे पटावरून कमी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

त्या पायऱ्यांवर मला ती मुले आठवली. वीस-एकवीस वर्षांची, अभ्यास अर्धा टाकून परक्या गावी निघालेली. माझा सोहळा त्यांच्यापुढे फार सोपा होता.

हैदराबादला आलात तर आर्ट्‌स कॉलेज जरूर पाहा. पायऱ्यांवर घटकाभर बसा.