फरी आणि शितावरून भाताची परीक्षा

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात दर उन्हाळ्यात ‘अँथ्रोकॉन’ नावाचं संमेलन भरतं. १९९७ मध्ये ऑल्बनीत सुरू झालेलं हे संमेलन २००६ मध्ये पिट्सबर्गला आलं, तेव्हा हजेरी अडीच हजारांच्या घरात होती. २०२४ मध्ये ती सतरा हजारांच्या वर गेली. डेव्हिड एल. लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटरपाशी निळे कोल्हे, पंखवाले लांडगे आणि ठिपकेदार बिबटे दोन पायांवर मिरवत निघतात, शहरातली माणसं मुलाबाळांना घेऊन बघायला येतात आणि ती छायाचित्रं जगभर फिरतात. ही ‘फरी’ मंडळी. माणसासारखे बोलणारे, चालणारे, रुसणारे, विचार करणारे प्राणी ज्यांना गोष्टींत आणि चित्रांत आवडतात आणि अशी पात्रं जे स्वतःही घडवतात, त्यांचा हा चाहतावर्ग. या समाजाला प्रसिद्धी मिळाली ती त्या छायाचित्रांमुळे आणि तो बदनाम झाला तोही त्यांच्यामुळेच. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नसते, पण हाताला लागलेलं शीत सगळ्या भाताचा अंदाज देणारं असावं लागतं. फरींच्या बाबतीत ते तसं नाही. जे सर्वांत ठळक दिसतं तेच या छंदाचं सार आहे, असं धरून चालल्यामुळे पुढचे जवळपास सगळे गैरसमज झाले आहेत. या समाजाचा गाभा पोशाखात नाही, पात्रं घडवण्यात आहे.

गैरसमज : पोशाख घालतो तो फरी

अमेरिका आणि कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञांचा आणि मानसशास्त्रज्ञांचा एक गट ‘फरसायन्स’ या नावानं दशकभराहून अधिक काळ फरींची सर्वेक्षणं करतो आहे. त्यांतून पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट अशी की, अंगभर पोशाख चारांतल्या एकाकडेही नसतो. मात्र ‘फरसोना’ जवळजवळ प्रत्येकाकडे असतो. फरसोना म्हणजे आपण स्वतः रचलेलं, आपलं प्रतिनिधित्व करणारं प्राणीपात्र. लांडगे, कोल्हे, कुत्रे, मांजरकुळातले मोठे प्राणी आणि ड्रॅगन यांना पसंती जास्त. दोन-तीन प्राण्यांची सरमिसळही चालते. या पात्राला नाव असतं, स्वभाव असतो, पूर्वकथा असते. बऱ्याच फरींचं रोजचं फरीपण एवढ्यातच सामावलेलं असतं. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून संध्याकाळी चित्र काढायचं, दुसऱ्याच्या चित्राला दाद द्यायची, गोष्टीचं पुढचं प्रकरण लिहायचं, मित्रांशी त्या पात्राच्या नावानं गप्पा मारायच्या. यातलं काहीच कॅमेऱ्याला आकर्षक वाटत नाही, म्हणून बातमीत येत नाही.

इतिहासही हेच सांगतो. हा समाज पोशाखातून जन्मलेला नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या काही चित्रकारांनी प्राणीपात्रांच्या व्यंगचित्रांचे हौशी अंक आपापसांत वाटायला सुरुवात केली. १९८० मध्ये बॉस्टनच्या विज्ञानकथा संमेलनात स्टीव्ह गॅलाची यांच्या एका चित्रानं अशाच आवडीच्या लोकांना एकत्र आणलं. त्या चित्रातलं पात्र पुढे त्यांच्या ‘अल्बेडो’ या कॉमिकमध्ये आलं. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे ‘कॉनफ्युरन्स’ हे पहिलं स्वतंत्र फरी संमेलन भरलं, तेव्हा ६५ माणसं आली होती. युरोपात १९९५ पासून ‘युरोफ्युरन्स’ भरतं. या समाजाचे स्वतःचे ‘उर्सा मेजर’ पुरस्कार आहेत आणि ते २००१ सालापासूनच्या कादंबऱ्या, कथा, कॉमिक, चित्रपट अशा कामांना दिले गेले आहेत. फरी वाचकांत लोकप्रिय असलेल्या अर्सुला व्हर्नन यांच्या ‘डिगर’ या कॉमिकची नायिका वॉम्बॅट आहे. त्या कॉमिकला २०१२ मध्ये विज्ञानकथा-विश्वातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आधी चित्र आणि गोष्ट आली, कापडाचं शेपूट नंतर.

गैरसमज : हा तर विकत आणलेला फॅन्सी ड्रेस

आता त्या शेपटाकडेही नीट पाहायला हवं, कारण जो पोशाख पाहून लोक हसतात तो बहुधा एकाच माणसाच्या मापाचा, एकाच पात्रासाठी केलेला असतो. अंगभर पोशाख शिवायचा तर घालणारा जुने कपडे चढवतो, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळून घेतो, त्या कवचावर मार्करनं खुणा केल्या जातात आणि मग ते कापून कारागिराकडे पाठवलं जातं. तोच मापाचा नमुना. डोक्याचा साचा फोम कापून, चिकटवून उभा करतात किंवा हल्ली थ्री-डी प्रिंटरवर छापतात. कृत्रिम फर कापायची एक रीत आहे. ती उलटी ठेवून मागचं कापड तेवढं धारदार पात्यानं चिरायचं, केसांना पातं लागू द्यायचं नाही. नाहीतर शिवणीपाशी केस बोडके दिसतात. केसांची दिशाही प्रत्येक तुकड्यात सांभाळावी लागते. मग चेहऱ्यावरचे केस कुत्र्यामांजरांचे केस कापण्याच्या मशीननं कमीजास्त भादरून गाल, भुवया, मुस्कट यांना आकार देतात. डोळे खोलगट बसवले की पाहणाऱ्याला ते आपल्यामागे फिरताहेत असं वाटतं. बुबुळ रंगवलेल्या जाळीचं असतं आणि आतला माणूस त्या जाळीतूनच जेमतेम बाहेर बघतो. आत उकडून जीव नकोसा होतो. म्हणून डोक्यात छोटा पंखा, अंगात गारवा देणारं जाकीट, स्ट्रॉनं पाणी, सोबत वाट दाखवणारा एक माणूस आणि संमेलनात डोकं उतरवून बसायला पंख्यांची वेगळी खोली, अशी सगळी व्यवस्था लागते. पूर्ण पोशाखाला काही हजार डॉलर पडतात, ते या मेहनतीचे.

यातूनच एक छोटी बाजारपेठ उभी राहिली आहे. फरसोनाचं पुढून, मागून, बाजूनं रंगांसह काढलेलं संदर्भचित्र, संमेलनात गळ्यात अडकवायचा बिल्ला, एखाद्या प्रसंगाचं चित्र, पोशाखाचं डोकं, हे सगळं लोक एकमेकांकडून पैसे देऊन करून घेतात. कोणतंही प्रकाशनगृह किंवा स्टुडिओ मध्ये नसतो. चाहताच ग्राहक आणि चाहताच कलाकार. सिनेमा-मालिकांच्या बहुतेक चाहतावर्गांत पात्र कंपनीच्या मालकीचं असतं आणि चाहता त्याचा उपभोक्ता असतो. फरींमध्ये पात्र ज्यानं रचलं त्याचं. पैसे मोजून दुसऱ्याचं पात्र पाहण्यापेक्षा स्वतःचं पात्र रचण्यात त्यांना रस आहे, आणि त्यांचं वेगळेपण नेमकं इथे आहे.

गैरसमज : हे लोक स्वतःला प्राणी समजतात

इथे एक रास्त आक्षेप येतो. फरींवरच्या पहिल्या ठळक शोधनिबंधांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ कॅथलीन गेरबासी आणि सहकाऱ्यांचा, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही सहभागींनी आपण पूर्णपणे माणूस नाही असं वाटत असल्याचं सांगितलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. पण काही जणांच्या उत्तरावरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही. आपण मनानं किंवा आध्यात्मिक अर्थानं एखादा प्राणी आहोत असं मानणाऱ्यांना ‘थेरियन’ म्हणतात. तो वेगळा गट आहे. काही थेरियन फरीही असतात, पण नंतरच्या मोठ्या सर्वेक्षणांत फरींमधलं त्यांचं प्रमाण थोडंच दिसलं. बाकीच्यांसाठी फरसोना हे कल्पनेनं रचलेलं पात्र असतं. बरेच जण त्याला स्वतःची थोडी सुधारलेली आवृत्ती मानतात: जरा धीट, जरा बोलकी, जरा कमी संकोची. कोल्ह्याच्या नावानं बोलणाऱ्या माणसाला आपण कोल्हा नाही हे पक्कं ठाऊक असतं.

गैरसमज : मुळात हे लैंगिक प्रकरण आहे

हा समज रुजवण्यात प्रसारमाध्यमांचा हात मोठा. २००३ मध्ये ‘सीएसआय’ या लोकप्रिय गुन्हेगारी मालिकेच्या एका भागानं फरी संमेलन म्हणजे पोशाखातल्या लैंगिक चाळ्यांचा अड्डा असं चित्र रंगवलं आणि अनेकांच्या मनात तेच बसलं. वस्तुस्थिती एका वाक्यात संपत नाही. प्रौढांसाठीची चित्रं आणि कथा या समाजात आहेत, हे खरं आहे. संमेलनांत ती वयाची खातरजमा करून वेगळी ठेवली जातात. पण तुम्ही फरी का झालात, असं विचारलं की आपुलकीची जागा, करमणूक आणि रोजच्या कटकटीतून सुटका ही कारणं वर येतात. लैंगिक आकर्षण बरंच खाली राहतं. प्रौढांचा सहभाग असलेल्या कुठल्याही कलाप्रकारात शृंगार येतोच. म्हणून कोणी सगळ्या कादंबऱ्यांना अश्लील म्हणत नाही.

गैरसमज : अमेरिकी शाळांत मुलांसाठी मांजराची वाळू ठेवतात

आपल्याकडच्या फोनवरही फिरणारी हीच अफवा. डिसेंबर २०२१ मध्ये मिशिगनमधल्या मिडलंडच्या शाळा मंडळाच्या बैठकीत एका व्यक्तीनं दावा केला की, स्वतःला मांजर म्हणवणाऱ्या मुलांसाठी शाळेच्या स्वच्छतागृहात, मांजरांना शौचासाठी ठेवतात तसा वाळूचा ट्रे ठेवला आहे. तिथल्या शाळा जिल्ह्याच्या प्रमुखांनी तो जाहीरपणे खोडून काढला. तरी अफवा राज्याराज्यांत पसरली. मार्च २०२२ मध्ये नेब्रास्काच्या विधिमंडळातल्या एका सदस्यानं ती सभागृहात सांगितली आणि नंतर माफी मागितली. त्या वर्षी ‘एनबीसी न्यूज’नं छडा लावला तेव्हा किमान वीस राजकारण्यांनी ती गोष्ट सांगितल्याचं आढळलं, पण तशी शाळा मात्र एकही सापडली नाही. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये शाळेत प्राण्यांसारखं वागण्यावर बंदी घालणारं विधेयक आलं. त्यासाठी ज्या शाळा जिल्ह्याचा दाखला दिला गेला, त्यानंही इन्कार केला. ही गोष्ट एवढी का टिकली, याचं उत्तर तिच्या वेळेत आहे. तेव्हा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांनी कुठलं स्वच्छतागृह वापरावं यावरून अमेरिकेत वाद पेटला होता आणि ‘उद्या मुलं मांजर असल्याचं सांगतील’ हे वाक्य त्या वादात कामाला येत होतं. फरींना यात फुकटचं गोवलं गेलं. वाळू खरोखर ठेवलेली एक जागा मात्र सापडली. कोलोरॅडोतला जेफरसन काउंटी शाळा जिल्हा, ज्यात १९९९चं हत्याकांड घडलेली कोलंबाइन शाळा येते. तिथे २०१७ पासून वर्गातल्या आणीबाणीच्या बादल्यांत वाळू असते, कारण बंदूकधारी शिरला आणि मुलं तासन्‌तास वर्गात कोंडली गेली तर शौचाची सोय हवी.

मग आक्षेप उरतो तो पळवाटेचा

मोठ्या माणसांनी कोल्ह्यालांडग्यांत रमावं हे पोरकट, खऱ्या आयुष्यापासून पळणं, असं म्हणणारे उरतातच. पळ काढण्याचा अंश यात आहे, हे फरीच सर्वेक्षणांत सांगतात. शाळेत छळ सोसलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा जास्त दिसलं आहे आणि समलैंगिक, उभयलैंगिक, ट्रान्सजेंडर लोकांचा वाटाही मोठा आहे. अशांसाठी, पात्राच्या आडून आधी ओळख होते आणि विश्वास बसला की खरं नाव सांगता येतं, हा मार्ग उपयोगी पडतो. पळालेला माणूस कुठे पोहोचतो हे पाहायला हवं. इथे तो चित्र काढायला, शिवायला, लिहायला शिकतो आणि मित्र मिळवतो. अँथ्रोकॉन प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकरता निधी गोळा करतं. मार्च २०१६ मध्ये व्हँकूव्हरजवळच्या ज्या हॉटेलात ‘व्हँकूफर’ संमेलन भरलं, तिथेच सीरियातून आलेली निर्वासित कुटुंबं तात्पुरती राहत होती. त्या मुलांनी या केसाळ प्राण्यांना मिठ्या मारल्या, त्यांच्याबरोबर फोटो काढले. या समाजात वाईट माणसं नसतातच असा याचा अर्थ नाही. हजारो लोकांच्या कुठल्याही गोतावळ्यात असतात तशी इथेही असतात, आणि त्यांचा न्याय त्यांच्या कृत्यावरून करायचा, त्यांच्या शेपटावरून नव्हे.

तेव्हा घरातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या मुलाच्या वहीत चष्मा लावलेला, नाव असलेला लांडगा दिसला, मग ते घर पुण्यात असो की न्यू जर्सीत, तर घाबरून जाऊ नये. इंटरनेटवर तो कोणाशी बोलतो, हे विचारावं; ते कुठल्याही छंदाबाबत विचारायलाच हवं. पण त्याआधी त्या लांडग्याचं नाव काय आणि त्याची गोष्ट काय, हे विचारावं. आणि वाळूच्या ट्रेची ती अफवा पुढे पाठवू नये, कारण ती खोटी आहे.