उजनीवर होडी चालवताय? सीझनआधी मोटरचं एवढं बघाच

आपले विषय नेहमी उधारी, स्टॉक, गिऱ्हाईक असे असतात. आज मात्र होडीची आउटबोर्ड मोटर. कारण मागच्या हिवाळ्यात उजनीकाठचे एक होडीवाले काका दुकानात आले. ऐन रविवारी, फ्लेमिंगो बघायला आलेली माणसं होडीत आणि मोटर गरम होऊन मधेच बंद. वल्हं मारत माघारी आले, पैसे परत दिले. कारण काय? इम्पेलर गेलेला. दोन वर्षं बदललाच नव्हता.

हा इम्पेलर म्हणजे पाकळ्या असलेली रबराची चकती. या मोटरला गाडीसारखा रेडिएटर नसतो. धरणाचंच पाणी ओढून ती इंजिन थंड ठेवते आणि मागून बारीक पिचकारी सोडते. सुरू केल्या केल्या ती पिचकारी बघायची. धार बारीक झाली किंवा थांबली, तर मोटर लगेच बंद. आधी पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णी, प्लॅस्टिक अडकलंय का बघा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळ आत जातो आणि रबर झिजतं. म्हणून वर्षातून एकदा इम्पेलर बदला, चांगला दिसत असला तरी. आणि मोटर कोरडी चालवून बघायची सवय असेल तर आजच सोडा. पाण्याविना काही सेकंदांत पाकळ्या खराब होतात. घरी बघायचंच असेल तर पाण्याच्या पिंपात बुडवून बघा.

मालवणकडे खाऱ्या पाण्यामुळे रोज गोड्या पाण्याने मोटर धुवावी लागते. आपल्याला तो ताप नाही. आपला शत्रू म्हणजे जाळ्याचा तंगूस! तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळतो, ऑइल सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सैल करून थोडं ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय. नवं ऑइल भरताना खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. हवा राहत नाही. वॉशर नवे टाका. जुनं ऑइल मात्र धरणात ओतू नका राव, सोलापूर तेच पाणी पितंय.

पेट्रोलचं थोडक्यात. टू-स्ट्रोकला कंपनीने सांगितलेलंच प्रमाण. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली ऑइल. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून मोटर महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. मोटर पिंपात ठेवून, नळी काढून चालवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपू द्या.

21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटली, 6 जण गेले. ते वादळी वाऱ्याने झालं, मोटरमुळे नाही. पण तसा वारा सुटलेला असताना मोटर बंद पडली तर होडी लाटेला आडवी होते, तोंड वळवता येत नाही. म्हणून लाइफ जॅकेट प्रत्येकाला, वल्हं कायम होडीत आणि बंद करायची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. आभाळ भरलं असेल तर फेरी रद्द, गिऱ्हाईक कितीही मागे लागू दे.

एका वहीत तारीख, चाललेले तास आणि काय बदललं एवढं लिहीत जा. काकांनी या ऑक्टोबरात स्वतःहून मोटर उघडायला लावली. पंखा काढला तर आत वीतभर तंगूस. सील अजून शाबूत होतं.