नाळ सोडा, धार धरा

जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे फोटो पाहून अनेकांनी बेत रद्द केले. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतो, म्हणजे थंडीचा खरा कडाका. त्या वर्षी तो जवळजवळ कोरडा गेला आणि स्कीच्या उतारांवर तपकिरी गवत दिसत राहिलं. महिनाअखेरीस पश्चिमी झंझावात आले, फेब्रुवारीत बर्फ भरभरून पडला, गर्दी परतली. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा ऐन रंगात असताना २२ फेब्रुवारीला खिलनमर्ग भागात हिमस्खलन झालं आणि एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

बर्फ कमी तर धोकाही कमी, हा हिशेब मैदानातल्या माणसाचा आहे. डोंगरात तो चुकतो. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा उणे दहा-पंधरा. हा फरक दोन मीटर जाडीच्या थरात विभागला गेला तर फारसं बिघडत नाही. तोच अर्ध्या मीटरमध्ये कोंबला गेला की खालच्या उबेतली वाफ वर सरकते आणि कणांवर पुन्हा गोठत जाते. दर दहा सेंटीमीटरला एक अंश किंवा त्याहून जास्त फरक असेल तर काही दिवसांत तळाच्या कणांचा आकारच बदलतो. ते टोकदार, पैलूदार होतात, एकमेकांना धरत नाहीत. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांमधून ओघळतात. अभ्यासक याला ‘डेप्थ होअर’ म्हणतात. वर नवा बर्फ पडून वाऱ्याने दाबला गेला की त्याची एकसंध लादी तयार होते, आणि ती लादी या मोकळ्या कणांवर नुसती टेकलेली असते.

तशात कुणी तरी तिच्यावर पाय ठेवतो. हिमस्खलनात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी दहांतले नऊ त्याच स्खलनात सापडतात, जे त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच तुकडीतल्या कुणी सुरू केलेलं असतं. ‘निसर्गाचा कोप’ वगैरे मथळे वाचताना मला हे आठवतं.

हे डोळ्यांनी पाहायचं तर खड्डा खणावा लागतो. ज्या उतारावरून जायचं त्याच दिशेला तोंड असलेली, पण कमी चढाची सुरक्षित जागा निवडायची आणि फावड्याने शक्यतो जमिनीपर्यंत उभी भिंत कापायची. मग वरून खाली ती दाबत यायचं. वर मूठ सहज आत जाते, थोडं खाली चार बोटं, मग एकच बोट. पुढे पेन्सिलच टोचता येईल असा टणक पट्टा लागतो, आणि त्याच्या खाली एकदम पुन्हा अख्खी मूठ आत जाते. नेमकी हीच जागा वाईट. आता तीस सेंटीमीटर चौरसाचा एक खांब चारही बाजूंनी मोकळा कापायचा, डोक्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थोपटायचं: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरापासून, दहा वेळा खांद्यापासून. मनगटाच्या टपल्यांनाच वरचा ठोकळा सपकन सरकून अंगावर आला तर त्या उताराचा नाद सोडायचा. नाही सरकला, तरी उतार पक्का असं म्हणता येत नाही, कारण वीस पावलांवर थरांची रचना वेगळी असू शकते. म्हणूनच जाणत्यांचाही घात होतो. उत्तरकाशीजवळच्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ला नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि २९ जण गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवालही होती. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत तिने एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही सर केली होती.

सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाची इथे वेगळीच पंचाईत होते. आपल्याकडे हिवाळा हा ट्रेकचा सुखाचा हंगाम, आणि नाळ ही आपली हक्काची वाट. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, बोराट्याच्या नाळेतून कोकणात उतरणं, ही आपली अभिमानाची उदाहरणं. धारेवर वारा आणि दृष्टिभय. नाळेत निदान दोन्ही बाजूंना कातळाचा आधार. बर्फात ही सवय मोडावी लागते. वरच्या उतारांवरून सुटलेला बर्फ शेवटी नाळेतच येतो, आणि अरुंद जागेत थोडासा बर्फसुद्धा माणसाला खोल गाडतो. धारेवर वारा झोडपतो खरा, पण तोच वारा बर्फ उडवून नेतो आणि पलीकडच्या, आडोशाच्या अंगाला साठवतो. धारेवरून चालावं, मात्र तिच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या छज्ज्यापासून लांब.

उताराचंही तसंच. साठ अंशांचा कडा पाहून आपले पाय लटपटतात, पण तिथे बर्फ फारसा टिकतच नाही, पडेल तसा घसरत राहतो. लाद्या सुटतात त्या मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांत, अडतीसच्या आसपास सर्वाधिक, म्हणजे बघणाऱ्याला ‘जमेल की’ वाटावं अशा चढावर. मोबाइलमध्ये कोन मोजता येतो, तो मोजावा. आणि आपण उभे आहोत ती जागा सपाट आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नये. डोक्यावर काय आहे ते पाहावं. ४ एप्रिल २०२३ला गंगटोक-नाथुला रस्त्यावर सात पर्यटक गेले, ते काही शिखर चढायला निघाले नव्हते.

बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला लख्ख दिवस सर्वांत फसवा. नव्या वजनाखाली थर अजून स्थिरावलेले नसतात, वर ऊन तापतं आणि सगळ्यांना फोटोची घाई असते. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर चर्चा करत बसू नये, आल्या पावली फिरावं. आपल्याकडे संरक्षण संशोधन संस्थेची डीजीआरई ही प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. युरोपात सर्वाधिक बळी जातात ते तिसऱ्या पातळीच्या दिवशी, कारण पाचवी असताना बाहेर पडायला कुणी धजत नाही आणि तीन हा आकडा पाहून माणसं निघतात.

गाडलं गेल्यावरचं गणित फार निष्ठुर आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांपैकी नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की जेमतेम तिघे. सियाचिनमध्ये २०१६ साली लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि मग रुग्णालयात वारले, हा अपवादातला अपवाद. बद्रीनाथजवळच्या माणा इथे २८ फेब्रुवारी २०२५ला ५४ मजूर हिमस्खलनात अडकले आणि त्यांतले ४६ वाचले. लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेल्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली होती. उघड्या उतारावर हेलिकॉप्टरची वाट पाहणं म्हणजे उशीर ठरलेला. शोधायचं ते सोबत्यांनीच, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), लांब सळई आणि फावडं लागतं.

पुण्या-मुंबईहून डिसेंबरच्या सुट्टीत केदारकंठला निघणाऱ्यांना मायक्रोस्पाइक्स आणि गेटर्स भाड्याने सहज मिळतात. ट्रान्सिव्हर घेतलेली तुकडी मला क्वचितच दिसली. त्या मार्गाचा बराच भाग जंगलातून जातो, तिथे एक वेळ चालूनही जाईल. पण तीच मंडळी पुढच्या वर्षी साडेचार हजार मीटरवरची एखादी खिंड हिवाळ्यात करायला निघतात, तेव्हा खर्चाच्या यादीत या तिन्ही वस्तू हव्यातच. त्यांचा सराव करायला बर्फाची गरज नाही. सिंहगडाच्या पायथ्याशी कुणी तरी चालू ट्रान्सिव्हर गवतात लपवावा आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून तो शोधावा. पहिल्यांदा पंधरा मिनिटं सहज जातात.