मुंबई की पुणे: कापूरहोळच्या फाट्यावरचा हिशोब

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या महामार्गावर, स्वारगेटपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर कापूरहोळ आहे. इथून एक रस्ता भोरकडे वळतो, दुसरा नारायणपूरवरून सासवडला जातो. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या दोन्ही तालुक्यांतली शेती डोंगरउताराची आणि भाताची. पाऊस भरपूर, पण जमिनीचे तुकडे लहान. त्यामुळे घरातल्या कोणीतरी शहर गाठायचे, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. आधी शहर म्हणजे मुंबई होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि नंतर गिरण्यांचा तो रोजगार पुन्हा उभा राहिला नाही. पुढे भोसरी, चाकण, हिंजवडी आणि नीरेपलीकडचे शिरवळ वाढत गेले, तशी गावाची वाट पुण्याकडे वळली. आज मुलगा आयटीआय किंवा पदवी करून बाहेर पडला की घरोघरी एकच गणित मांडले जाते: मुंबई महाग आणि दगदगीची, पुणे स्वस्त आणि राहायला बरे. हे गणित अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. शहर किती महाग हे नुसत्या भाड्यावरून कळत नाही. कुटुंबाला लागणाऱ्या गोष्टींपैकी किती गोष्टी शहर सगळ्यांसाठी मिळून पुरवते आणि किती ज्याच्या त्याला विकत घ्यायला लावते, यावर शहराची खरी किंमत ठरते.

शहरांच्या याद्या पाहिल्या तर पुण्याचे पारडे उघडच जड दिसते. मर्सर या सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या राहणीखर्चाच्या जागतिक यादीत मुंबई १३६ व्या क्रमांकावर, भारतातले सर्वांत महाग शहर म्हणून होती. पुणे २०५ व्या क्रमांकावर होते. याच संस्थेच्या २०१९ च्या जीवनमानाच्या यादीत पुणे १४३ वे आणि मुंबई १५४ वी. केंद्र सरकारच्या राहणीसुलभतेच्या निर्देशांकात २०१८ साली पुणे देशात पहिले आले, तर २०२० च्या यादीत पुणे दुसरे आणि बृहन्मुंबई दहावी होती. हे आकडे खोटे नाहीत, पण ते कोणासाठी काढले आहेत हे पाहायला हवे. मर्सरची यादी बहुराष्ट्रीय कंपन्या परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी वापरतात. त्या अधिकाऱ्याला चांगल्या वस्तीतला फ्लॅट, गाडी आणि खासगी रुग्णालय गृहीतच असते. कापूरहोळहून निघालेल्या मुलाची सुरुवात कॉट बेसिसवरच्या खोलीतून आणि मेसच्या डब्यातून होते. त्याच्यासाठी वेगळा हिशोब मांडावा लागतो.

या हिशोबात मुंबईच्या विरोधात जाणारी सर्वांत मोठी बाब घराची आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेच्या घरांच्या परवडण्याविषयीच्या निर्देशांकानुसार २०२४ मध्ये सरासरी घराचा हप्ता भरायला मुंबईतल्या कुटुंबाच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा जात होता. पुण्यात तो पाव हिश्श्याच्या आसपास होता. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लाख लोकांपैकी सुमारे ४१ टक्के झोपडपट्टीत राहत होते, तर पुणे महापालिका हद्दीत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. पूर्वी मुंबईच्या गिरणगावात घराचा प्रश्न एकत्र राहून सोडवला गेला. एकेका गावाच्या माणसांनी मिळून चाळीत खोली धरायची, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडे जायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठीच. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली आणि चाळीत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना त्याचा आधार मिळाला. नव्याने येणाऱ्याला मात्र तो आधार नाही. घराच्या बाबतीत मुंबई आज सामान्य माणसाला जवळजवळ काहीच देत नाही.

घराबाहेर पाऊल टाकले की चित्र बदलते. मुंबईत १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि १९२५ पासून विजेवरची उपनगरी गाडी सुरू झाली. आज कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे पन्नास किलोमीटरांहून लांब, रोज जाण्यायेण्याचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास ३१५ रुपयांत मिळतो. पुण्यात जून २०२५ मधल्या भाडेवाढीनंतर पीएमपी बसचा मासिक पास १,५०० रुपये झाला. तरीही पासापेक्षा मोठा खर्च वेगळाच आहे. बस वेळेवर मिळेल याची खात्री नसल्याने पुण्यात प्रत्येक कमावत्या माणसाला दुचाकी घ्यावी लागते. २०१८ च्या सुमारास पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्याही पुढे गेली. गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा, टायर आणि अपघाताचा धोका हे सगळे मिळून पुण्याचे लपलेले भाडे आहे, आणि घरात कमावते दोन असतील तर ते दोनदा भरावे लागते. इतके करून वेळ वाचतो म्हणावे, तर तेही नाही. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे होते, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त; मुंबई या यादीत पुण्याच्या बरीच मागे होती.

पाण्याचा विषय तर भोर-वेल्ह्याच्या जिव्हाळ्याचा. मुंबईने १८६० मध्ये विहार तलाव बांधला आणि तेव्हापासून तानसा, वैतरणा, भातसा असे करत आज सात जलाशयांतून दररोज ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी शहरात आणले जाते. अनधिकृत वस्त्यांतली माणसे मुंबईतही पाणी विकत घेतात, हा त्या शहराचा मोठा दोष आहे. पण नळजोडणी असलेल्या चाळीत किंवा सोसायटीत पाण्याचे बिल ही महिन्याची चिंता नसते. पुण्याचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. त्यांतली पानशेत आणि वरसगाव ही धरणे वेल्हे तालुक्यातली. म्हणजे ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांचीच मुले पुण्याच्या कडेला राहून टँकरचे पैसे भरतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. नऱ्हे, मांगडेवाडी, भिलारेवाडी ही गावे त्यांतलीच, आणि भोरकडच्या माणसाला परवडणारी खोली मिळते ती अशाच भागांत. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागाहून येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे (जीबीएस) या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा संशयाचे बोट पाण्याकडेच गेले. स्वस्त भाड्याच्या खोलीची किंमत तिथल्या कुटुंबांना रुग्णालयात मोजावी लागली.

दुखणे हा गरीब घराचा हिशोब मोडणारा सर्वांत मोठा खर्च. मुंबई महापालिकेची केईएम (१९२६), नायर (१९२१), शीव आणि कूपर ही चार मोठी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. त्याशिवाय राज्य सरकारचे जेजे आणि कर्करोगासाठी १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय. गर्दी अफाट, रांगा लांब, पण शस्त्रक्रियेसाठी शेत विकावे लागेल ही भीती तिथे कमी असते. पुण्यात मुख्य भार १८६७ पासून उभ्या असलेल्या ससूनवर. पुणे महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे पुण्यातले मध्यम आणि कमी उत्पन्नाचे कुटुंब लवकर खासगी रुग्णालयाच्या दारात पोहोचते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की घराचा आकडाच इतका मोठा आहे की बाकीच्या बचती त्यापुढे किरकोळ ठरतात. ज्याला दादर-परळच्या आसपासच घर हवे त्याच्यासाठी हे खरे आहे. पण मुंबईत घर आणि रेल्वे हे दोन वेगळे खर्च नाहीत. गाडी स्वस्त आणि सतत असल्यामुळे बदलापूर, कसारा, विरारपर्यंतची घरे मुंबईच्या नोकरीच्या आवाक्यात येतात, आणि तिथले भाडे पुण्याच्या भाड्याशी तुलना करण्याजोगे असते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात, आणि रोजचे तीन-चार तास गर्दीत उभे राहण्याला चांगले जीवन म्हणता येत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मुंबईची सोय माणसाच्या शरीराकडून वसुली करते. पण यातून निघणारा निष्कर्ष गाड्या वाढवा, दारे बंद करा, नोकऱ्या पसरवा असा आहे. प्रत्येकाने दुचाकी घ्यावी असा नाही. रस्त्यावरचे मृत्यूही मृत्यूच असतात.

तिसरा आक्षेप खास कापूरहोळचा आहे: पुणे जवळ आहे. एसटी किंवा दुचाकीने जाऊन येता येते, घरचा तांदूळ शहरात जातो, पोरांना आजी-आजोबा सांभाळतात, लावणीला सुट्टी काढून येता येते. हा फायदा मोठा आहे आणि कोणत्याही यादीत तो मोजला जात नाही. मात्र तो पुणे देत नाही, गाव देते. गावाचा तांदूळ, गावाचे घर आणि आजीचे श्रम यांच्या जोरावर पुण्यातला कामगार कमी पगारात तग धरतो. म्हणजे पुण्याच्या स्वस्ताईचा एक भाग भोर-वेल्ह्याच्या खिशातून जातो. महामार्गाकडेची जमीन प्लॉटिंगला गेली आणि भाताची खाचरे संपली की हा आधारही संपेल, तेव्हा पुण्याचे खरे दर कळतील.

मुंबई श्रीमंत आहे, तिला हे जमते, असेही म्हटले जाते. २०२५-२६ साठी मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा आणि पुण्याचा साडेबारा हजार कोटींच्या आसपास. शिवाय लोकलचा तोटा सगळा देश सोसतो. आकडे खरे आहेत. पण विहार तलाव आणि केईएम उभे राहिले तेव्हा मुंबई आजच्यासारखी श्रीमंत नव्हती. या गोष्टी वेळेवर उभ्या राहिल्या म्हणून पुढे लाखो माणसे कमी खर्चात राहू शकली आणि त्यांच्या श्रमातून शहर श्रीमंत झाले. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना मर्सरच्या जीवनमानाच्या यादीत २०१९ पर्यंत सलग दहा वर्षे पहिली होती. तिथले जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. म्हणजे जे मुंबईने रेल्वे, पाणी आणि रुग्णालयांत केले, ते व्हिएन्नाने घरांतही केले. खर्च सर्वांनी मिळून उचलला की तो माणशी कमी होतो.

म्हणून मुलाला कुठे पाठवायचे हे ठरवताना घरच्यांनी पगारातून नुसते भाडे वजा करू नये. प्रवास, पाणी, दुखणे आणि गावाकडून जाणारी मदत हे चारही खर्च मांडावेत आणि मग पाहावे. त्या हिशोबात काहींना पुणे, काहींना शिरवळ, तर काहींना अजूनही कल्याण-बदलापूर सोयीचे ठरेल. पण कापूरहोळपुढे याहून मोठा प्रश्न आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत भोर-वेल्ह्याचा भाग आलेला आहे, मेट्रो २०२४ मध्ये स्वारगेटला पोहोचली आहे आणि पुढे कात्रजपर्यंत तिचे काम व्हायचे आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी रेल्वे जेजुरी-नीरा मार्गाने जाते. कापूरहोळच्या पट्ट्यात रेल्वे नाही. तेव्हा शहर इकडे येईल ते महामार्गावरून, दुचाकी आणि टँकर बरोबर घेऊनच. ते येण्याआधी ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी तीन गोष्टी लेखी मागून घ्यायला हव्यात: कात्रजच्या मेट्रोला जोडणारी ठरलेल्या वेळेची बस, बांधकाम परवानगीआधी पाण्याची जोडणी, आणि महामार्गावर सर्व सोयींचे सरकारी रुग्णालय. या तीन गोष्टी आधी आल्या तर कापूरहोळ शहराजवळचे चांगले गाव राहील. त्या मागाहून आल्या, तर इथल्या माणसाला आपल्याच गावात राहणे महाग पडेल.