काता : कवायत की डाव?

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत रंगली आणि बाला रफिक शेखने अभिजित कटकेला नमवून गदा पटकावली. त्या आखाड्याभोवतीच्या जुन्या जाणत्यांना कोणता डाव कशासाठी टाकला आणि त्याची तोड काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते. कराटेच्या वर्गात मात्र उलटे चित्र दिसते. पांढऱ्या गणवेशातील मुले-मुली एका तालात 'काता' करतात, परीक्षा देतात, पट्ट्याचा रंग बदलतो. पण या हालचालीचा उपयोग काय, असे विचारले की उत्तर मिळते, 'हा ब्लॉक, हा पंच.' स्वसंरक्षणासाठी मुलीला वर्गात घालणाऱ्या पालकांनी या उत्तरावर समाधान मानू नये.

काता म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका. तिची उकल करून प्रत्यक्ष उपयोग शोधणे याला जपानी भाषेत 'बुनकाई' म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावातील आंको इतोसू यांनी शाळकरी मुलांसाठी 'पिनान' नावाचे पाच काते रूढ केले. पुढे गिचिन फुनाकोशी यांनी त्यांनाच 'हेइआन' हे नाव दिले. शाळेत मोठ्या संख्येने शिकवताना कराटेला कवायतीचे रूप आले आणि धोकादायक उपयोग मागे पडले, असे अनेक अभ्यासक मानतात. स्वतः इतोसूंनी १९०८ मधील आपल्या दहा कलमांच्या पत्रात प्रत्येक हालचालीचा अर्थ व उपयोग समजून घेण्यावर भर दिला होता, हे विशेष.

पहिल्याच कात्यातील पहिली हालचाल घ्या. डावीकडे वळून हात कानापासून खाली झटकायचा. नेहमीचे स्पष्टीकरण असे, की समोरच्याची लाथ अडवली. पण वेगाने येणारी लाथ अडवायला हात आधी कानापर्यंत नेण्याइतका वेळ कुठला? आणि दुसरी मूठ कमरेशी का ओढायची? या मागे ओढलेल्या हाताला 'हिकिते' म्हणतात. तो रिकामा नाही, त्याने हल्लेखोराचे मनगट धरून खेचले आहे, असे मानले की कोडे सुटते. एका हाताने त्याला तोल जाईल असे ओढायचे आणि दुसऱ्या हाताची कड त्याच्या दंडावर किंवा मानेवर आणायची. याच कात्यात थोडे पुढे मूठ मागे खेचून वर्तुळाकार खाली आणण्याची हालचाल आहे. ती धरलेले मनगट सोडवण्यासाठी आहे, असे तर पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरणातही सांगितले जाते.

वळण्याचेही तसेच. चार दिशांनी चार शत्रू शिस्तीत एकेक करून येतात, ही कल्पना चित्रपटात शोभते. केन्वा माबुनी यांनीही या समजुतीला आक्षेप घेतला होता. हल्लेखोर एकच आहे. त्याच्या समोरून सरकून कोणत्या कोनात उभे राहायचे, हे वळण सांगते.

अर्थात बुनकाईच्या नावाखाली काहीही खपवता येते. जागतिक सांघिक स्पर्धांत पदकाच्या लढतीत बुनकाई दाखवतात. त्यातील हवेतल्या उड्या डोळ्यांचे पारणे फेडतात, पण रिक्षा थांब्यावर कुणी हात धरला तर त्या कामाच्या नाहीत. कसोटी साधी आहे. जोडीदाराने पकड खरोखर घट्ट धरावी, ओढावे, ढकलावे; त्याने मुद्दाम साथ न देता हात सुटला, तरच तो अर्थ खरा. कुस्तीची तालीम वर्षानुवर्षे हेच करते. डाव आधी सावकाश घोटायचा, मग विरोध करणाऱ्या जोडीदारावर टाकून पाहायचा.

हात सुटल्यावर पुढे काय, हेही शिकवायला हवे. ओरडणे आणि माणसांच्या दिशेने पळणे हे कोणत्याही कात्यात नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे, पण ३७ वे कलम बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. म्हणून मनगट सोडवण्याचा सराव घेताना सुटका झाली त्या क्षणी थांबण्याचा सरावही त्याच तासाला घ्यावा लागतो.